कारुआना : १२४ युरोंची खात्री

पान ९ पर्यंत मी गप्प बसले होते. पान ९ वर हे वाक्य आलं : "कमिल्लेरी घराण्याच्या शौर्याची साक्ष माल्टाच्या तटबंद्या आजही देत आहेत." देत असतील. पण आमच्या व्याह्यांचं आडनाव कारुआना आहे, आणि मी पैसे भरले होते ते कारुआनासाठी.

मी अडतीस वर्षं प्रुफं तपासली. एका जागचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की शिवण कुठे आहे ते मला शोधावं लागत नाही, ते दिसतं. त्यामुळे हा अभिप्राय जरा लांबणार. घाईत असाल त्यांच्यासाठी एवढंच : आडनावाचं मूळ सांगणाऱ्या त्या ऑनलाइन सेवेला पाचपैकी दीड तारा, आणि त्यातला अर्धा चौकटीच्या लाकडाला. त्यानंतर माल्टातल्या रबात गावच्या ज्या संशोधक बाईंकडे गेले त्यांना साडेचार. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाईंचंही नाही. खुणा सांगते, त्यावरून ओळखा.

लेक माल्टात नर्स आहे. जावई तिथल्याच सिज्जीवी गावचा. नात झाली म्हणून मी तीन महिन्यांसाठी गेले होते, आणि त्यातच व्याह्यांचा सत्तरावा वाढदिवस आला. या माणसाला द्यायचं काय? शर्ट घालत नाहीत, जुना बनियन आणि वर स्वेटर. दारू स्वतः करतात. छोटी होडी आहे, तिच्यात बसवून त्यांनी मला एकदा आर लाप्सीच्या खाडीत फिरवलं आणि मी सगळा वेळ डोळे मिटून होते.

पण रोज संध्याकाळी एक विषय ठरलेला. आडनाव. त्यांच्या भावाचं म्हणणं, आपण मूळचे ट्युनिशियातल्या कैरवान शहराचे. गावच्या जुन्या पाद्रींनी सांगितलेलं, आपण सिसिलीचे. त्यांची आई म्हणायची, हे एका पक्ष्याचं नाव आहे. हे सांगून झालं की व्याही हात पसरून म्हणायचे, "मा नाफ्श." माहीत नाही. माल्टीज भाषेतले मी शिकलेले हे पहिले दोन शब्द. खरं तर दुसरे. पहिला शब्द होता "मेला". म्हणजे "बरं तर मग", "अर्थातच", "हो ना". पहिल्याच दिवशी व्याही फोनवर हसत हसत "मेला, मेला, मेला" म्हणत होते आणि मी लेकीला दबक्या आवाजात विचारलं, कोण गं गेलं?

तर ही सेवा. संकेतस्थळ देखणं, पार्श्वभूमीला निळा समुद्र आणि चुनखडीचा बुरूज. "भूमध्य सागरी आडनावांचं मूळ, १०० टक्के खात्रीशीर." अहवाल ८९ युरो, कुलचिन्हाची चौकट ३५ युरो, मिळून १२४. फॉर्मवर आडनाव आणि देश एवढंच विचारलं. गाव नाही, आजोबांचं नाव नाही, लग्न कोणत्या चर्चमध्ये झालं ते नाही. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. न्हाव्यानं डोकं न बघता केस कापतो म्हणावं, तसं ते होतं. पण वाढदिवसाला महिनाच उरला होता आणि चौदा दिवसांत घरपोच असं लिहिलं होतं. सव्वीस दिवस लागले.

पार्सल उघडलं तर जाड कागद, सोनेरी शिक्का, बावीस पानं. शिक्का छान होता. बावीसपैकी आडनावाबद्दल सहा पानं. उरलेल्या सोळा पानांत माल्टाचा इतिहास : १५३०मध्ये सेंट जॉनचे सरदार (ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ) आले, १५६५चा तुर्कांचा मोठा वेढा, १७९८मध्ये नेपोलियन, १८००पासून इंग्रज, १९६४मध्ये स्वातंत्र्य. हे बरोबर आहे, फक्त ते कोणत्याही आडनावाला चालेल. चालवलेलंच होतं, हे पान ९ वर कळलं. एका नकाशात कैरवान लिबियात दाखवलंय. ते ट्युनिशियात आहे, सूस बंदरापासून आत. त्या शहराचं स्पेलिंग तीन पानांत तीन प्रकारांनी आलंय. समासात मी पेन्सिलनं खुणा करत गेले, सवय. एकूण एक्केचाळीस झाल्या.

मूळ मुद्दा पान ३ वर. त्यात ठामपणे लिहिलंय की ८७० साली अरब फौजेबरोबर कैरवानहून एक सेनापती माल्टात उतरला आणि तोच घराण्याचा मूळपुरुष. आता कैरवानचा धागा अगदीच खुळा नाही, हे आधी सांगते. ते शहर उक्बा इब्न नाफीनं ६७० साली वसवलं. तिथल्याच अघलबी राजवटीनं ८२७पासून सिसिली घ्यायला सुरुवात केली आणि ८७०मध्ये माल्टा घेतलं. त्या काळी अरबीत गावावरून माणूस ओळखायची रीत होती. कैरवानचा तो कैरवानी. आपल्या "-कर"सारखंच, हे मला लगेच पटलं. पण "कैरवानी" ही त्या एका माणसाची ओळख, पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव नव्हे. शिवाय अल-हिम्यारी नावाच्या अरब लेखकानं लिहून ठेवलंय की ८७०च्या स्वारीनंतर बेट ओसाड पडलं होतं आणि १०४८-४९च्या सुमारास लोक पुन्हा येऊन राहिले. इतिहासकारांचं यावर भांडण आहे. पण ते थोडंफार जरी खरं धरलं, तर आमचा सेनापती मधली पावणेदोनशे वर्षं वंश वाढवत थांबला कुठे?

पान १२ वर त्याच ठामपणानं दुसरंच मूळ. सेंट जॉनच्या सरदारांना गलबतांवर ठरावीक मोहिमा कराव्या लागत, त्यांना "कारोवाना" म्हणत, म्हणून कारुआना. या मोहिमा खऱ्याच. पण मग पान ३च्या सेनापतीचं काय झालं? हे मी व्याह्यांना नंतर वाचून दाखवलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ते सरदार परदेशी, माल्टीज माणसाला त्यांच्यात सहसा घेत नसत, आणि वरून ब्रह्मचर्याची शपथ. "तशी पोरं झाली असतील," व्याही म्हणाले, "पण बापाचं नाव लावू देत नसत." विहीणबाईंनी त्यांना पाठीत एक चापट दिली.

पान २० वर जाहिरात. आणखी १५० युरो भरले तर सरदारकीच्या किताबाची "नोंदणी". माल्टा सरकारनं १९७५च्या कायद्यानं असले किताब मानायचंच सोडलं आहे. कोण कोणाकडे नोंदवणार होतं, देव जाणे. डीएनए चाचणीचंही एक पत्रक होतं, ते मी रद्दीत टाकलं. लाळेत आडनाव नसतं.

चौकटीबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. लाकूड खरं आहे, काच स्वच्छ, कोपरे नीट जुळलेले. आत लाल ढालीवर सिंह आणि बुरूज. हे चिन्ह कोणाचं आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. कुलचिन्ह विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, एका आडनावाच्या समस्त जनतेला नाही. माल्टात कारुआना इतके आहेत की सगळ्यांना हा सिंह वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक केस येईल.

वाढदिवसाला मी फक्त चौकट दिली. अहवाल पेटीत साड्यांखाली ठेवला. व्याह्यांनी चौकट दोन्ही हातांत धरून लांब नेली, जवळ आणली, म्हणाले, "मेला!" आणि मग, "पण हा सिंह आमच्याकडे आला कुठून?" मी म्हटलं, शोधते आहे.

माझी खोड म्हणा. चुकीचं छापलेलं हातातून पुढे गेलं की मला झोप लागत नाही.

लेकीच्या वॉर्डातल्या एका सहकारी बाईंनी रबातमधल्या संशोधकाचा फोन दिला. ताशी ३० युरो. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं : "मूळ सापडेल असं मी सांगू शकत नाही. किती मागे जाता येतं ते सांगू शकते." मी विचारलं, साधारण किती मागे? त्या म्हणाल्या, ते कागद ठरवतात. मग प्रश्न सुरू झाले. आजोबांचं नाव, आजीचं माहेर, लग्नाचं चर्च, गावात घराला काय म्हणतात, शेत कुठे होतं. कंपनीनं दोनच प्रश्न विचारले होते, यांनी चाळीसेक विचारले असतील. अर्ध्यांची उत्तरं व्याह्यांकडून काढून घेताना त्यांना थक्क करायचा माझा बेत फुटला तो फुटलाच. बाईंनी सहा तास धरले, १८० युरो. लेक म्हणाली, आई, एवढ्यात चांगला कोट येईल. कोट घेऊन मी काय करू?

एकदा मी त्यांच्याबरोबर रबातला गेले. राष्ट्रीय अभिलेखागार तिथे जुन्या सांतो स्पिरितो रुग्णालयाच्या इमारतीत आहे. रुग्णालयात कागद ठेवलेत हे मला आवडलं. पण बाईंचं खरं काम तीन ठिकाणी असतं : गावच्या चर्चची दप्तरं, शेजारच्या इम्दिना शहरातल्या कॅथेड्रलचं दप्तर आणि राजधानी व्हॅलेटातलं नोटरींचं दप्तर. ते सेंट क्रिस्तोफर रस्त्यावर. पंधराव्या शतकापासूनचे नोटरींचे हजारो ग्रंथ तिथे आहेत. शेतं, हुंडे, कर्जं, गाढवांची विक्री. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनी त्यातल्या कितीतरी ग्रंथांचे लगदे केले, काही अजून दुरुस्तीत आहेत. याच दप्तरात १९६६ साली गॉडफ्री वेटिंगर आणि मिकिएल फ्साद्नी या संशोधकांना माल्टीज भाषेतली सर्वात जुनी कविता सापडली. ब्रांदान काशारो नावाच्या नोटरीनं १५३३ ते ३६च्या वहीत आपल्या एका पूर्वजाच्या, पीएट्रू काशारोच्या, वीस ओळी उतरवून ठेवल्या होत्या. व्यवहाराच्या वहीत कविता! एखाद्या जुन्या खतावणीत ओवी निघावी तशी. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, त्याचं प्रूफ कोणी तपासलं असेल हो? त्यांना विनोद कळला नाही. अर्धा तारा इथे कापला आहे.

वेटिंगरांचं नाव आडनावांच्या बाबतीतही येतंच. १४१९-२० सालची एक यादी आहे, गावोगावच्या पहाऱ्याच्या शिपायांची. तिथल्या भाषेत या पहाऱ्याला "देय्मा" म्हणत. वेटिंगरांनी ती यादी १९६९मध्ये प्रसिद्ध केली. तीत बोर्ज, झम्मित, वेल्ला, फारूजा ही आजची आडनावं तेव्हाच नांदताना दिसतात. म्हणजे सरदार येण्याच्या शंभरेक वर्षं आधी. पण यादीत तुमचं आडनाव दिसलं म्हणून तो माणूस तुमचा होत नाही, असं बाईंनी मला तिथेच बजावलं. मधले दुवे लागतात. आणि ते दुवे चर्चच्या वह्यांत. लग्नं नीट नोंदवायचा नियम झाला तो कॅथलिक चर्चच्या १५६३च्या ट्रेंट परिषदेनंतर, आणि माल्टात १५७५ साली रोमहून पाठवलेले दुसिना नावाचे अधिकारी गावोगाव फिरून चर्चचा कारभार तपासून गेले. त्याच्या मागचं सगळं नशिबावर. शेजारच्या गोझो बेटाचे तर हाल विचारू नका. १५५१मध्ये तुर्कांनी जवळजवळ सगळी वस्ती गुलाम करून नेली. माणसंच गेली, तिथे वह्या कोण सांभाळणार?

पाच आठवड्यांनी बाईंचा अहवाल आला. चार पानं, साधा कागद, वह्यांच्या पानांचे दोन फोटो. शिक्का नाही. चार पानांत एक चूक सापडली, एका तारखेत, आणि ती त्यांनी स्वतःच शाईनं दुरुस्त करून बाजूला सही केली होती. माझ्या मनात त्या बाई तिथेच बसल्या.

व्याह्यांपासून मागे नऊ पिढ्या. शेवटची पक्की नोंद १६८७ची, सिज्जीवीच्या चर्चमधलं एक लग्न. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, नवरीचं माहेर. त्यामागचं पान पाण्यानं गेलेलं. १६४१च्या एका खरेदीखतात गावाजवळच्या शेताच्या तुकड्याचा मालक म्हणून एक कारुआना आहे. बाईंनी समोर लिहिलंय : "हाच असू शकेल. सिद्ध होत नाही." त्या दोन छोट्या वाक्यांसाठीच मी १८० युरो दिले असं लेकीला सांगितलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

आणि मग आडनाव. एकाच पाद्र्यानं एकाच पानावर दोन भावांची नावं लिहिताना एकाला कारुआना आणि एकाला कारवाना केलं आहे. लॅटिन लिपीत तेव्हा उ आणि व यांना एकच अक्षर चालायचं. पाद्री लिहिणार लॅटिनमध्ये किंवा इटालियनच्या वळणानं, समोरचा शेतकरी बोलणार माल्टीज, आणि माल्टीजला स्वतःची ठरलेली लिपीच नाही. ती ठरली १९२४मध्ये, आणि राजभाषा झाली १९३४मध्ये. तोवर आडनावं जुन्या इटालियन पोशाखात गोठून गेली होती. उदाहरणार्थ "बुत्तिजीज" हे आडनाव, अर्थ कोंबड्यांचा मालक. उच्चार तोच, पण स्पेलिंग आजच्या माल्टीज नियमात बसत नाही.

आता बाईंचा मुद्दा सांगते, कारण या सगळ्या खर्चात वसूल झालेली वस्तू हीच आहे. अरबीत दोन वेगळे क आहेत. एक आपल्यासारखा, एक घशात खोलवरचा. कैरवान शहराचा क खोलवरचा. आणि "करवान" नावाचा पक्षी आहे, त्याचा क साधा. माल्टीजमध्ये तो खोल क पुढे घशातल्या नुसत्या अडकीपुरता उरला. जवळचं ओर्मी गाव बघा, लिहिताना सुरुवातीला अक्षर आहे, बोलताना "ओर्मी". पण लॅटिन लिहिणाऱ्यानं दोन्ही क एकाच अक्षरानं लिहिले. म्हणजे ज्या एका अक्षरावरून शहर की पक्षी हे ठरलं असतं, तेच अक्षर लिहिणाऱ्यानं पुसलं. शिवाय शहर धरलं तर कैरवानीचा शेवटचा "ई" गेला कुठे, आणि पक्षी धरला तर शेवटचा "आ" आला कुठून? तिसरी वाट कारवान, म्हणजे तांडा. तो शब्द फारसी. आणि खुद्द कैरवान शहराचं नावही त्याच फारसी शब्दावरून आलेलं. तेव्हा व्याह्यांचे भाऊ आणि तांडेवाले दोघे भांडतात ते एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून.

पक्ष्यापाशी मी थबकले. बाईंनी वर्णन दिलं होतं : मोठे पिवळे डोळे, मातकट रंग, दिवसा गप्प, रात्री ओरडणारा. पक्ष्यांच्या एका पुस्तकाची प्रुफं मी तीनदा वाचली होती. त्यात हाच होता, माळावरचा, आणि नाव छापलं होतं "करवानक". मी व्याह्यांना उच्चार करून दाखवला. करवानक. कारवाना. त्यांनी तो चारदा म्हणवून घेतला आणि लगेच भावाला फोन लावला. ऐकू येत होतं : मेला, मेला. आईचं म्हणणं जिंकलं असं त्यांना वाटत होतं. मी सांगितलं की माल्टीजमध्ये आज त्या पक्ष्याला दुसरंच नाव आहे आणि यानं काहीच सिद्ध होत नाही. ते मला त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

सिसिलीचं काय? तिथेही अरबांचं राज्य होतं, तिथेही कारुआना आहेत, अग्रिजेंतोच्या बाजूला तर पुष्कळ. बुद्धिबळवाला फाबियानो कारुआना माहीत असेल. २०१८ला लंडनमध्ये जगज्जेत्या कार्लसनविरुद्ध बाराही डाव बरोबरीत सोडवणारा. तो इटालियन वंशाचा अमेरिकन. पीटर कारुआना १९९६ ते २०११ जिब्राल्टरचे मुख्यमंत्री होते. सिसिली ते माल्टा नव्वदेक किलोमीटर पाणी. एकच अरबी शब्द दोन्ही किनाऱ्यांवर वेगवेगळा आडनाव झाला, की इकडून तिकडे गेला, की तिकडून इकडे आला, हे नुसत्या आडनावाकडे बघून सांगता येत नाही. आणि एकच आडनाव म्हणजे एकच रक्त असंही नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या गुलामांना पुष्कळदा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. बाईंनी हे एका ओळीत लिहून सोडून दिलंय. कंपनीच्या बावीस पानांत गुलाम हा शब्द नाही.

निष्कर्षाच्या जागी बाईंनी तीन वाटा लिहिल्या, प्रत्येकीसमोर काय जमतं, काय अडतं. खाली एक ओळ : १६८७च्या आधीचा दुवा सापडला तरीही शब्दाचा प्रश्न सुटणार नाही, कारण तोवर शब्द आजच्यासारखाच लिहिला जात होता. मी ते वाचून व्याह्यांना म्हटलं, थोडक्यात, मा नाफ्श. ते म्हणाले, "हो, पण आता कागदावर."

त्या रात्री जेवणानंतर वेगळंच निघालं. माल्टात मोजकीच आडनावं फार लोकांची असतात. २०११च्या जनगणनेत पहिली शंभर आडनावं तीन चतुर्थांश लोकांना पुरली होती. मग गावात माणूस ओळखायचा कसा? टोपणनावानं. घराण्याला "लअम" असतं. हे घर "तल-होब्झ", म्हणजे पाववाल्यांचं. सिज्जीवीत कारुआना कोण विचारलंत तर लोक खांदे उडवतील, तल-होब्झ म्हटलं की दारापर्यंत सोडतील. मी विचारलं, का पडलं? व्याही म्हणाले, पणजोबा ओर्मीहून गाडीनं पाव आणून विकायचे. ओर्मी पावासाठी प्रसिद्धच आहे. विहीणबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, काहीतरीच, गाडी होती ती पणजोबांच्या मेहुण्याची, आणि पणजोबांनी त्याच्याकडून वर्षभर उधारीवर पाव खाल्ला म्हणून लोक चिडवायचे. दोघांचा आवाज चढला. नात जागी झाली. जावयानं दोन्ही बाजूंना "मेला" म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. जेमतेम शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि दोन्ही साक्षीदार एकाच स्वयंपाकघरात.

तर खरेदी करणाऱ्यांसाठी. वाढदिवसाला भिंतीवर लावायला काहीतरी हवं असेल तर चौकट घ्या, ३५ युरोंत वाईट नाही. आमची आता विजेच्या मीटरवर आहे, मीटर अगदी झाकला जातो. फॉर्मवर तुम्हाला फक्त आडनाव विचारलं तर तिथेच थांबा. संशोधक घेतलात तर तासांचा आकडा आधी लिहून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आधी गाठा, कारण बाईंचे सहातले दोन तास आमच्या चुकीच्या माहितीवर गेले. व्याह्यांनी आजीचं माहेरचं आडनाव ग्रेक सांगितलं होतं, निघालं आत्तार्द. विहीणबाई आधीपासून आत्तार्दच म्हणत होत्या.

कंपनीला मी अहवालाची बावीसही पानं स्कॅन करून पाठवली, एक्केचाळीस खुणांसकट. उत्तर लवकर आलं, हे मान्य करते, दोन दिवसांत. पैसे परत नाहीत, पण "दुरुस्त आवृत्ती" आणि साठ दिवसांत दुसऱ्या आडनावासाठी वापरायचं २० युरोंचं कूपन. दुरुस्त आवृत्ती मी परतीच्या आदल्या रात्री उघडली. कैरवान अजून लिबियातच आहे. पान ९ वर आता "कारुआना घराण्याच्या शौर्याची साक्ष" आहे. आणि पान १४ वर, जिथे आधी एकही खूण नव्हती, तिथे झम्मित घराणं तटबंदीवर चढलं आहे.

ते मी त्यांना कळवलेलं नाही.